पाणी आणि पदवी

गेल्या पावसाळ्यात आमची एक माजी विद्यार्थिनी आपल्या वसतिगृहाच्या ओसरीवर येऊन बसली. संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात ती परिचारिका आहे. आरोग्यशिक्षण या विषयात पीएच.डी. करावी काय, हे विचारण्यास ती आली होती. खरे सांगावयाचे तर आम्ही तिला परावृत्तच केले. कायमची नोकरी, दोन लेकरे, सासू अंथरुणाला खिळलेली. "पोरी, तुझ्या प्रबंधाने गावचे पाणी गोड होणार आहे काय?" असे आम्ही म्हणालो. ते वाक्य आज आम्हांस टोचते.

ती शांतपणे म्हणाली, "सर, पाणी खारं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिसची वेळ येईपर्यंत माणसं दवाखान्यात का येत नाहीत, ते कुणी विचारत नाही."

मग तिने शेगाव तालुक्यातील गोष्ट सांगितली. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस अकस्मात गळू लागले. प्रथम संशय पाण्यावर आला. पुढे शिधावाटपाच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार मोठे आढळल्याचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी सांगितले. तपासणी पथके आली, नमुने नेले. पण कोणत्या घरात कोणती माहिती पोहोचली, आणि लोकांनी विश्वास ठेवला तो कोणाच्या सांगण्यावर? तिला शोधायचे आहे ते हेच.

ती गेल्यावर आम्ही अस्वस्थ झालो. इतिहासाचे शिक्षक म्हणून २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आम्ही दरवर्षी शिकवतो. त्याच वर्षी ८ जून रोजी कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना पीएच.डी. रीतसर प्रदान केली, हेही सांगतो. पण वेगळ्या पाठात, वेगळ्या दिवशी. पाण्याचा लढा आणि विद्येची पदवी यांत तीन महिन्यांचेही अंतर नव्हते, आणि एवढ्या वर्षांत या दोन तारखा आम्ही फळ्यावर एका ओळीत कधी लिहिल्या नाहीत! दुसऱ्याच दिवशी तिला दूरध्वनी करून आम्ही आमचा सल्ला मागे घेतला. (तिने तो मुळात मानलाच नव्हता, असे मागाहून कळले.)

आता तिची नोंदणी झाली आहे. भाषा तपासण्यासाठी तिने प्रश्नावली आमच्याकडे पाठविली. आम्ही लाल शाईने 'क्षारयुक्त जल' असे शुद्ध करून दिले. ती कागदपत्रे परत आली तेव्हा आमची दुरुस्ती खोडलेली होती आणि वर तिच्या अक्षरात पुन्हा लिहिले होते, 'खारं पानी'.