न मागितलेले पुस्तक

सार्वजनिक ग्रंथालयात येणारा वाचक जे पुस्तक मागतो, त्याचे नाव त्याला आधीच ठाऊक असते. ही गोष्ट इतकी उघड आहे की, तिच्यातून काय निष्पन्न होते याचा विचार आपण सहसा करीत नाही. एखादे नाव सर्वांना ठाऊक होण्यासाठी ते पुस्तक पुष्कळांनी वाचलेले असावे लागते, त्याविषयी घरीदारी बोलले गेलेले असावे लागते; आणि यासाठी काळ जावा लागतो. म्हणजे केवळ मागणीप्रमाणे पुस्तके देणारे आणि मागणीप्रमाणेच ती विकत घेणारे ग्रंथालय, कितीही चोख चालवले तरी, कालचेच साहित्य आजच्या वाचकाच्या हाती देत राहते. गेल्या दहा-वीस वर्षांतली कादंबरी कोणी मागत नाही, कारण ती आहे हेच त्याला माहीत नसते. आणि ती आहे हे माहीत होत नाही, कारण ती कोणी मागत नाही. हे चक्र कोणीतरी हात घालून थांबवावे लागते. नव्या कादंबरीची शिफारस करणे म्हणजे, माझ्या मते, हेच काम होय.

अध्यापनातून निवृत्त झाल्यापासून मी महाराष्ट्राबाहेरच्या एका मोठ्या शहरातील मराठी ग्रंथालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी देवघेवीच्या टेबलाशी बसतो. महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांना १९६७च्या कायद्याने शासकीय अनुदानाचा आधार मिळाला. राज्याच्या सीमेबाहेर त्या कायद्याचा हात पोचत नाही. आमचे ग्रंथालय सभासदांच्या वर्गणीवर आणि अधूनमधून येणाऱ्या देणग्यांवर चालते. वर्षाला नवी पुस्तके येतात ती मोजकीच. त्यामुळे प्रत्येक पुस्तकाच्या वेळी ‘हे कोण वाचणार?’ असा प्रश्न कार्यकारी मंडळात निघतो, आणि तो रास्तही आहे. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी हे या प्रश्नाचे आमच्याकडचे सर्वांत प्रामाणिक उत्तर. ‘ययाति’ (१९५९), ‘स्वामी’ (१९६२), ‘मृत्युंजय’ (१९६७) यांच्या चिठ्ठ्या भरून त्यांवर दुसऱ्या, तिसऱ्या चिठ्ठ्या डकवलेल्या आहेत. त्यांची बांधणी पुन्हा करून घ्यावी लागली आहे. या कादंबऱ्यांविषयी माझी तक्रार नाही. मराठी माणसाच्या दोन-तीन पिढ्यांना त्यांनी वाचनाची गोडी लावली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु शेजारच्याच फळीवरील २००० सालानंतरच्या कादंबऱ्यांच्या चिठ्ठ्या बहुतांशी कोऱ्या असाव्यात, यावरून त्या वाचनीय नाहीत असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. त्यांची वाचकाशी गाठ घालून देणारे कोणी भेटले नाही, एवढेच त्या कोऱ्या चिठ्ठ्या सांगतात.

शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाला हवा तो ग्रंथ मिळवून देण्याची जबाबदारी त्यांतील दुसरे सूत्र सांगते. ग्रंथाला वाचक शोधून देण्याची जबाबदारी तिसरे. वरवर पाहता ही एकाच गोष्टीची पुनरुक्ती वाटते. पण रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. एका गणितज्ञाने एकाच संबंधासाठी दोन सूत्रे उगीच खर्ची घातली नसावीत. दुसरे सूत्र पाळायला उत्तम तालिका आणि तत्पर सेवक पुरेसे असतात. तिसरे पाळायला ते पुस्तक आधी कोणीतरी वाचलेले असावे लागते, आणि समोर उभा असलेला वाचकही थोडाफार ओळखलेला असावा लागतो. नव्या कादंबरीचे भवितव्य या तिसऱ्या सूत्रावर अवलंबून आहे, आणि आपल्या बहुतेक ग्रंथालयांत विस्मरणात गेलेले सूत्रही नेमके तेच आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचकाच्या बाबतीत या विस्मरणाची किंमत अधिक मोठी असते. तीस-चाळीस वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त गाव सोडलेल्या माणसाच्या मनातला महाराष्ट्र तो गाडीत बसला त्या दिवसापाशीच थांबलेला असतो. सणासुदीला, लग्नकार्याला तो जाऊन येतो. पण पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला गाव आपले सारे सांगत नाही. त्याची मराठीही त्या दिवसापाशीच थांबते, आणि पुढची पिढी तर घरातल्या चार विषयांपुरतीच मराठी बोलते. अशा वाचकापर्यंत आजचा महाराष्ट्र आणि आजची मराठी पोचवू शकेल असे फार थोडे उरते. त्यात कादंबरीचा क्रम बराच वरचा आहे. वृत्तपत्र घटना सांगते. त्या घटनेखाली माणसे कशी बोलतात, कशी गप्प बसतात, कशाला लाजतात, हे कादंबरी सांगते. ती त्याच्यापर्यंत पोचली नाही तर त्याचा आपल्या भाषेशी असलेला संबंध हळूहळू स्मरणरंजनाचा होऊन बसतो. आणि स्मरणरंजनावर चालणारे ग्रंथालय एका पिढीबरोबर संपते.

मग शिफारस करावी कशी? ‘ही कादंबरी श्रेष्ठ आहे, वाचा’ असे सांगून काही साधत नाही. श्रेष्ठतेचा निवाडा समीक्षेवर सोपवावा. टेबलाशी बसणाऱ्याने वाचक कोठे उभा आहे ते पाहून तिथून पुढे एक पाऊल दाखवावे. आमचे एक वयोवृद्ध सभासद रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ते दर एक-दोन वर्षांनी पुन्हा नेतात. दुष्काळाने पांगलेली ती वाडी त्यांच्या मनातून जात नाही. त्यांना मी कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ दिली, आणि एवढेच सांगितले की, ‘बनगरवाडी’तले गाव पावसाने तोडले, या कादंबरीतले धरणाने उठवले आहे, विस्थापित झालेला एक माणूस मागे राहिलेल्या म्हशीसाठी आपल्या जुन्या गावाकडे परत जातो. पुस्तक परत करताना ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सर, आमच्याकडचंही धरण झालं तेव्हा मी इकडे होतो. नकाशावर पाहिलं होतं फक्त.” त्यानंतर त्यांनी आपण होऊन सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ नेली. शिकलेला, पण नोकरी न मिळालेला शेतकऱ्याचा मुलगा आणि त्याचे खचत जाणारे घर यांची ती कहाणी. २००४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तीही परत आली तेव्हा त्यांनी विचारले, “याच्या पुढचं काही आहे का?” नावानिशी न मागितलेली ही त्यांची पहिली मागणी होती.

ऐतिहासिक कादंबरीचा वाचक हा सार्वजनिक ग्रंथालयाचा कणा आहे. त्याला ती आवड सोडायला सांगणे अन्यायाचे होईल. परंतु इतिहास म्हणजे केवळ राजे आणि सेनापती अशी जी त्याची कल्पना झालेली असते, तिला थोडा धक्का देण्यास हरकत नाही. रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) ही जाडजूड कादंबरी एका कुळातील पूर्वजांच्या कथांमधून शतकानुशतकांचा काळ उभा करते. लढायांचा पराक्रम सांगण्यापेक्षा माणसे कोणत्या कारणांनी कोणाच्या बाजूने उभी राहिली, हे तिला शोधावेसे वाटते. ‘स्वामी’ आवडलेल्या वाचकाला ती देताना मी पानांची संख्या लपवत नाही. एकेका पूर्वजाची कथा वाचून थांबलात तरी चालेल, एवढी सवलत मात्र देतो. त्याचप्रमाणे विज्ञानकथेच्या वाचकाला नंदा खरे यांची ‘उद्या’ द्यावी. माणसाच्या प्रत्येक हालचालीवर लक्ष ठेवणारा, फार दूरचा न वाटणारा काळ तिच्यात आहे. स्त्रियांच्या कौटुंबिक कादंबऱ्या आवडणाऱ्या वाचकाला कविता महाजन यांची ‘ब्र’ (२००५) द्यावी, म्हणजे घराचा उंबरा ओलांडून ग्रामपंचायतीत गेलेल्या, सरपंच झालेल्या स्त्रियांचे जग त्याला दिसेल.

तरुणांचा प्रश्न वेगळा आहे. या शहरातच जन्मलेला एक मुलगा आजीसाठी पुस्तके न्यायला येत असे. स्वतः तो इंग्रजीत वाचे. मराठी वाचायला फार वेळ लागतो म्हणे. एकदा त्याच्या हातात विवेक शानभाग यांच्या ‘घाचर घोचर’ या कन्नड कादंबरीचा श्रीनाथ पेरूर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद दिसला. मसाल्यांच्या व्यापारात अचानक पैसा आलेल्या बंगळुरातील एका कुटुंबाची ही छोटेखानी कादंबरी त्याला फार आवडली होती. मी त्याला सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) दिली, आणि तिचा जेरी पिंटो यांनी २०१३ साली केलेला इंग्रजी अनुवादही त्याला स्वतःहून मिळवायला सांगितले. एकाच व्यक्तीच्या प्रेमात पडलेल्या बहीणभावांची ही गोष्ट तो दोन्ही पुस्तके शेजारीशेजारी ठेवून वाचत होता. अडले की इंग्रजीत डोकवायचे, आणि पुन्हा मराठीत यायचे. महिना लागला. अनुवाद हा मूळ भाषेपासून दूर नेणारा रस्ता आहे, असे आपण मानतो. एखाद्या वाचकाला तोच परत घरी घेऊन येतो. अनेक भाषांच्या शेजारात राहणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांनी हा मार्ग अधिक वापरावयास हवा.

शिफारशीत प्रामाणिकपणा हवा, हे वेगळे सांगायला नको. पण त्याचा अर्थ पुस्तकाच्या गुणांपुरता मर्यादित ठेवू नये. कादंबरी वाचकाकडून काय मागणार आहे, तेही आधी सांगितले पाहिजे. बोलीभाषा हा आमच्याकडचा नेहमीचा अडथळा. कोल्हापूरकडची किंवा विदर्भातली बोली पहिल्या दहा पानांत कानावर येत नाही, आणि वाचक पुस्तक मिटतो. त्याला मी सुरुवातीची काही पाने मोठ्याने वाचायला सांगतो. डोळ्यांना परके वाटणारे शब्द कानांना पुष्कळदा आजोळचे वाटतात. दुसरा अडथळा संकोचाचा. एखाद्या कादंबरीत शरीराचे, जातीचे किंवा श्रद्धेचे असे काही असेल की जे वाचकाला टोचेल, तर ते झाकून ठेवून पुस्तक देणे मला बरे वाटत नाही. पेरुमाळ मुरुगन यांच्या ‘मादोरुबागन’ (२०१०) या तमिळ कादंबरीचे जे झाले ते आपल्याला माहीत आहे. वादळ उठले, जानेवारी २०१५ मध्ये आपल्यातला लेखक मेला असे लेखकाने जाहीर केले, आणि जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. न आवडलेले पुस्तक बाजूला ठेवण्याचा वाचकाचा हक्क अबाधित आहे, हे त्या निर्णयाचे तात्पर्य प्रत्येक ग्रंथालयाने लक्षात ठेवावे असे आहे. हा हक्क ज्याला आधीच सांगितलेला असतो, तो वाचक नवे पुस्तक निर्धास्तपणे घरी नेतो. आमच्याकडे प्रवीण दशरथ बांदेकर यांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ एका बाईंनी अर्धी वाचून परत आणली. बाहुल्यांच्या खेळाच्या आधाराने सांगितलेले त्यातले राजकारण त्यांना नको होते. आम्ही तारीख टाकून पुस्तक जमा केले, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसरे नवे पुस्तक मागितले. यात कोणाचाच पराभव झाला नाही.

पुरस्कार हीच पुरेशी शिफारस, असे मंडळातल्या काहींचे मत आहे. पुरस्काराने पुस्तकाचे नाव पोचते हे खरे. पण ते पोचते उशिरा. ‘उद्या’ येऊन काही वर्षे झाल्यावर अकादमीचा पुरस्कार तिला २०२०चा जाहीर झाला. तोही लेखकाने नम्रपणे नाकारला. ज्या वाचकाने ती मधल्या वर्षांत वाचली, त्याला ती कोणीतरी सांगितली होती. शिवाय पुरस्कार सर्वांना उद्देशून बोलतो. टेबलाच्या पलीकडे उभा असतो तो एक माणूस. त्याच्या हातातल्या परत आलेल्या पुस्तकावरून त्याच्याशी बोलायचे असते.

गेल्या वर्षापासून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या आहेत. वर्षाच्या खरेदीतला चौथा हिस्सा गेल्या दहा वर्षांत प्रथम प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांसाठी राखून ठेवायचा, मग त्यांना मागणी असो वा नसो. आणि ते पुस्तक आधी मंडळातल्या एका सभासदाने वाचून, देवघेवीच्या टेबलावरील वहीत चार ओळी लिहायच्या. कथानक सांगायचे नाही, स्तुती करायची नाही. कोणत्या जुन्या पुस्तकाच्या वाचकाला हे द्यावे आणि त्याला आधी काय सांगावे, इतकेच. कोणत्याही भाषेच्या, कोणत्याही गावच्या ग्रंथालयाला हे करता येण्याजोगे आहे. त्याला पैसा फारसा लागत नाही, फक्त वाचावे लागते. वहीची सध्या अकरा पाने भरली आहेत, आणि अलीकडे काही सभासद पुस्तकांच्या कपाटाकडे जाण्यापूर्वी ती वही चाळू लागले आहेत.