अंगण खरंच वाकडं होतं

तुघलकाबादहून नोएडाला परतताना गाडीत कुणीच बोलत नव्हते. डॉ. कर्णी सिंह शूटिंग रेंजवरच्या स्पर्धेत माझ्या १४ वर्षांच्या लेकीचे गुण लागोपाठ तिसऱ्यांदा घसरले होते. मागच्या सीटवरून ती हळूच म्हणाली, "आई, रायफलचा चाप नीट लागत नाही गं."

दिवसभराच्या दगदगीने मी वैतागलेलीच होते. फटकन बोलून गेले, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

ती गप्प झाली. पुढचे चार दिवस सरावाचे नावही तिने काढले नाही.

नेमबाजीचे वेड तिला दूरदर्शनमुळे लागले. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले आणि दिल्लीत वाढलेली माझी मुलगी "तो आपल्याकडचा" म्हणून घरभर नाचली. नवी रायफल घेणे आमच्या ऐपतीबाहेरचे होते. म्हणून एका नेमबाजाने बरीच वर्षे वापरलेली एअर रायफल आम्ही विकत घेतली.

पाचव्या दिवशी तिचे टेबल आवरताना सरावाची वही हाती लागली. मी सहज उघडली. 'पाचवा छर्रा : चाप लवकर सुटला. अकरावा : ओढला तरी सुटेना. बारावा : ठीक.' अशा दीड महिन्याच्या नोंदी होत्या. सबबी सांगणारे मूल इतक्या नेमाने लिहीत नाही. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रायफली दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर सरदारजींकडे गेलो. त्यांनी आधी रायफल रिकामी असल्याची खात्री केली. मग नळी वर करून ती उभी धरली आणि चापाला छोटी वजने अडकवली. एकाच वजनाला चाप कधी सुटे, कधी हलतही नसे. दहा वेळा करून पाहिले. लेकीने माझ्याकडे नुसते पाहिले.

त्यांनी आतला भाग उघडून दाखवला. चाप ओढला की एका पोलादी खाचेत अडकलेली हातोडी सुटते, हवेची झडप उघडते आणि छर्रा निघतो. हजारो वेळा घासून त्या खाचेची धार गोल झाली होती. त्यामुळे हातोडी नेमकी केव्हा सुटणार, याचा बोटाला अंदाज येत नव्हता. दहा मीटरवर दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे एवढी चूकही पुरेशी होते.

"कानस मारून धार काढता येणार नाही का?" मी विचारले.

त्यांनी मान हलवली. पोलादाचा कडक थर वरवरचाच असतो. तो गेला की भाग आणखी लवकर झिजतो आणि धक्क्यानेही रायफल उडू शकते. ज्याला हे काम येत नाही, त्याने स्क्रूलाही हात लावू नये, असे त्यांनी बजावले. झिजलेला भागच बदलावा लागला.

परतताना मी लेकीला मनू भाकरची आठवण करून दिली. २०२१ मध्ये टोकियोत ऐन स्पर्धेत तिच्या पिस्तुलात बिघाड झाला, मोलाची मिनिटे वाया गेली आणि अंतिम फेरी हुकली. २०२४ मध्ये पॅरिसला तिनेच दोन कांस्यपदके मिळवली. लेक म्हणाली, "पण तिच्या पिस्तुलाचा बिघाड सगळ्यांना दिसला, आई."

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी तिची माफी मागितली.

नवा भाग बसला, तरी गुण लगेच वाढले नाहीत. चाप फसवेल या भीतीने ऐन वेळी बोट आखडायची सवय तिला लागली होती. ती मोडायला आणखी दीड महिना गेला. भाग बदलायला मात्र एक दुपार पुरली होती.

मुलांची प्रत्येक तक्रार खरी असते, असे मी म्हणणार नाही. पण म्हण तोंडावर फेकण्यापूर्वी अंगण एकदा पाहून यायला काय हरकत आहे? आता ती काही सांगू लागली की मी म्हणते, "वही आण, बघू."