मूठभर दाणे

पंडिता रमाबाईंवर लिहिणारे बहुतेक जण त्यांच्या बाप्तिस्म्यापाशी येऊन थांबतात. भुकेचा धागा धरून मागे गेलं, तर हेच आयुष्य वेगळं दिसतं.

वडील अनंतशास्त्री डोंगरे गावोगाव पुराण सांगत हिंडणारे. दुष्काळ पडला, दक्षिणा आटली, घरातलं किडूकमिडूक विकून संपलं. रानातला पाला खायची वेळ आली. त्याच दिवसांत आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईची तिरडी उचलायला चौथा माणूस मिळेना. विशीही न गाठलेली रमा पुढे झाली. पण तिची उंची कमी पडत होती, म्हणून तिने तिरडीचं आपलं टोक डोक्यावर घेतलं.

पुढे भाऊ श्रीनिवास आणि ती पायी देशभर फिरली. जेवण म्हणजे पुष्कळदा पाण्यात भिजवलेले मूठभर दाणे आणि चिमूटभर मीठ. झेलमच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन रात्र काढली.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी याच मुलीला 'सरस्वती' म्हणून गौरवलं.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या ख्रिस्ती मठातल्या सिस्टर्सनी त्यांना लंडनमधल्या फुलमला आपलं काम पाहायला पाठवलं. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांची तिथे मायेने देखभाल चाले. यांच्यासाठी कुणी एवढं का करावं, हा प्रश्न रमाबाईंनी विचारला. उत्तरादाखल एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली; लोकांनी कमी लेखलेल्या त्या बाईशी येशू तिथे आपणहून बोलतो. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. शास्त्रार्थात मुरलेल्या या बाईला ख्रिस्त आधी कामात दिसला, हे मला फार मोलाचं वाटतं.

१८९६-९७ च्या दुष्काळाची बातमी आली, तेव्हा त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. तिथल्या मुलींची हाडं मोजता येत होती. ही अवस्था त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी शेकडो मुली सोबत आणल्या. पुण्यात त्यांनी विधवांसाठी चालवलेलं शारदा सदन होतं; पण प्लेगमुळे तिथे एवढ्या मुली ठेवता येईनात, म्हणून दौंडजवळच्या केडगावच्या शेतावर त्यांची सोय झाली. शारदा सदनाला उत्पन्न मिळावं म्हणून घेतलेलं ते माळरान. तिथे विहिरी खणल्या होत्या, फळझाडं लावली होती. आधी तात्पुरती छपरं, मग पक्क्या इमारती. हेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळातल्या मुलीही इथेच आल्या. विणकाम, शेती, तेलघाणा, छपाई असं काही ना काही शिकून त्या पायावर उभ्या राहत. फुलमला पाहिलेल्या बायकांसारख्यांसाठी वेगळं कृपासदन झालं. अंध मुलींना लेक मनोरमा ब्रेल शिकवी.

मनोरमा १९२१ मध्ये गेली, रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला. त्याआधी सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर त्यांनी पुरं केलं होतं. केडगावच्या छापखान्यात त्याचे खिळे सदनातल्याच बायका-मुलींनी जुळवले.