मिठाची बरणी

आमच्या घरी चुलीशेजारी मिठाचे एक मडके असे. खानापूर तालुक्यातील आमच्या गावी पूर्वी चोर्ला घाटाने गोव्याचे जाडे मीठ येई. पुढे दुकानातील पुड्याचे बारीक मीठ आले, पण तेही आई त्याच मडक्यात ओतीत असे. मडक्याला झाकण नव्हते. पावसाळ्यात ते बाहेरून पाझरे, आणि ओल्या हातानेच त्यातील मीठ घेतले जाई. बहिणीच्या सासरीही हीच रीत. यात काही वावगे आहे, असे आमच्यापैकी कोणाच्याही मनात कधी आले नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या या धाकट्या बहिणीचे पहिले मूल सातव्या महिन्यात पोटातच गेले. मी तिचा भाऊ आणि त्यातून धर्मगुरू. ईश्वरेच्छा म्हणून मी तिचे सांत्वन केले. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या खेपेस मात्र मी तिला बेळगावातील एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो.

त्यांचे सूतिकागृह लहानसेच आहे. रक्तदाब वगैरे पाहून झाल्यावर बाईंनी तिच्या गळ्यावरून हात फिरवला, रक्त तपासावयास पाठविले आणि विचारले, "घरी मीठ कशात ठेवता?" मला हसू आले. बाई हसल्या नाहीत. "फादर, पुढच्या वेळी त्यातले चिमूटभर घेऊन या."

पुढच्या वेळी त्यांनी दोन बशा मांडल्या. एकीत नव्या पुड्यातील मीठ, दुसरीत मडक्यातील. दोहोंवर औषधाचा एकेक थेंब टाकला. पुड्यातील मीठ गर्द निळे-जांभळे झाले. मडक्यातील जवळजवळ पांढरेच राहिले. तो रंग आयोडीनाचा. मीठ ओलावले की त्याचे पाणी मडक्यातून झिरपते आणि आयोडीन आपल्याबरोबर घेऊन जाते.

गळ्यातील ग्रंथीला आयोडीन लागते, आणि गरोदरपणी अधिक लागते. दिवसाला सुमारे २५० मायक्रोग्रॅम. ते फार कमी पडले तर गर्भपात होऊ शकतो, मूल मृत जन्मू शकते, आणि जगलेल्या मुलाच्या बुद्धीची वाढ खुंटू शकते. स्वित्झर्लंडमध्ये १९२२ सालीच आयोडीनयुक्त मीठ देण्यास आरंभ झाला. आपल्याकडे डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात अशा मिठाचा प्रयोग केला, तेथील गलगंड कमी झाला, आणि १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मीठ घरोघर पोहोचविण्यास इतके श्रम पडले. आणि आमच्या घरात येऊन ते मडक्यातून पाझरून जात होते!

बाईंनी मग कपाटातून आपले 'शोध' काढून दाखविले. रोगिणी तपासून झाल्यावर त्या याच खटपटीत असत. पहिला पत्र्याचा डबा, तो गंजला. दुसरे झाकणाचे मडके, ते पाझरले. तिसरी चिनीमातीची बरणी. तिचे तोंड मुद्दाम इतके अरुंद ठेवले होते की त्यात हात जाऊ नये. लाकडी झाकण घट्ट बसणारे, आणि त्याच्या आतल्या बाजूस लांब दांड्याचा लाकडी चमचा जोडलेला. झाकण उघडावे तो चमचा आपोआप हाती येतो. ओला हात मिठाला लागावयाचा नाही. "बरणी चुलीपासून दूर ठेवा, मीठ शक्यतो शिजल्यावर घाला," त्या म्हणाल्या, "आणि मीठ वाढवू नका, फक्त झाका. अधिक मिठाने रक्तदाब वाढेल."

मी भीतभीत विचारले, "पहिले मूल यामुळेच गेले का?" त्या क्षणभर थांबल्या. "ते आता कोणी सांगू शकणार नाही, फादर. पण हिच्या ग्रंथीचे काम मंद आहे, हे रक्तात दिसले आहे. त्यासाठी गोळ्या रोज घ्यावयाच्या. बरणी गोळ्यांची जागा घेणार नाही."

बहिणीला गेल्या वर्षी मुलगी झाली. श्रेय गोळीला किती आणि बरणीला किती, याचा हिशेब मी करीत नाही. चव गेलेल्या मिठावर मी कितीतरी प्रवचने दिली आहेत. पण घरातील मीठ मी कधी पाहिले नव्हते. बहिणीला जे 'ईश्वरेच्छा' म्हणून सांगितले, ते विचारपूस करण्याआधी सांगितले, ही बोच मात्र राहिली आहे. आता ज्या घरी सून गरोदर असेल, तेथे आशीर्वाद देऊन झाल्यावर मी हळूच स्वयंपाकघराच्या दाराशी जातो आणि विचारतो, "बाई, मीठ कशात ठेवता?"