पंखा आणि काकतालीय न्याय

साहित्यचर्चेच्या या पानावर संगणकाच्या पंख्याविषयी लिहावे की नाही, असा प्रश्न आम्हांला पडला होता. लिहायचे ठरवले, कारण ज्या बिघाडापायी आमची एक आख्खी दुपार गेली, त्याचा संबंध यंत्राइतकाच अर्थ लावण्याच्या आपल्या सवयींशीही होता.

खोडाळा हे मोखाडा तालुक्यातले गाव. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि ते पालघर जिल्ह्यात आले. वारली, कोकणा, ठाकर, कातकरी अशा अनेक समाजांचा हा मुलूख. पावसाळ्यात इथे पाऊस थांबता थांबत नाही, आणि वैशाखात याच डोंगरांवर बायका हंडाभर पाण्यासाठी पायपीट करतात. इथल्या एका शाळेत, एटीएम कार्डाएवढ्या पाटीवर मावणारा एक संगणक आहे: रास्पबेरी पाय, २०१९ साली आलेली चौथी आवृत्ती. आसपासच्या पाड्यांवरच्या वृद्ध स्त्रियांकडून ध्वनिमुद्रित केलेली गाणी आणि कहाण्या त्याच्या बोटाच्या पेराएवढ्या मेमरी कार्डावर साठवलेल्या आहेत. वारल्यांच्या लग्नात धवलेरी जी गाणी म्हणते ती तिला मुखोद्गत असतात. वही तिच्यापाशी नसते. आमच्या गायिकांपैकी एक आजी गेल्या भाद्रपदात वारल्या. त्यांचा आवाज त्या एका कार्डापलीकडे कुठेही नव्हता.

मे महिन्यात निरोप आला, “पंखा थांबतच नाही आणि यंत्र अगदी मंद झाले आहे.” आम्ही पोचेपर्यंत निदान तयार होते. उन्हाळा कडक, म्हणून यंत्र तापते. तापते म्हणून पंखा अखंड फिरतो. आणि तरीही तापते म्हणून मंद चालते. कथा सुसंगत होती. तिला आदि, मध्य आणि अंत होता. नवा, मोठा पंखा मागवण्याची यादीही झाली होती.

कोणत्याही तारेला हात लावण्याआधी आम्ही सगळ्या ध्वनिफितींची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली. हस्तलिखितांवर काम करणाऱ्यांना हा क्रम सांगावा लागत नाही. मग यंत्रालाच त्याचे तापमान विचारले. उत्तर आले, ५२ अंश.

या एका आकड्याने कथा मोडली. ही पाटी साधारण ८० अंशांना स्वतःचा वेग कमी करू लागते. ८५ ही तिची कमाल मर्यादा. ५२ अंशांवर उष्णतेमुळे मंद होण्याचे तिला काही कारण नव्हते. म्हणजे मंदपणाचे कारण वेगळे होते आणि पंख्याच्या अखंड फिरण्याचेही वेगळे.

आधी मंदपणा. वेग का आवळला आहे, याची नोंद यंत्र एका षोडशमान आकड्यात ठेवते. तो आकडा होता ५०००५. त्याचा अन्वयार्थ असा की वीजदाब या क्षणी अपुरा आहे, वेग या क्षणी आवळलेला आहे, आणि यंत्र सुरू केल्यापासून याआधीही हे घडलेले आहे. या पाटीला ५ व्होल्ट लागतात. दाब साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की ती इशारा देते. मूळचा वीजजोड कधीतरी हरवला होता आणि त्याच्या जागी मोबाइलचा चार्जर व एक लांब, बारीक केबल आली होती. दाब त्या केबलमध्येच गळत होता. अशा अपुऱ्या विजेवर यंत्र मध्येच बंद पडले तर मेमरी कार्डावरचा मजकूर बिघडू शकतो. खरा धोका तिथे होता, आणि नव्या पंख्याने तो वाढलाच असता. मोठा पंखा अधिक वीज ओढतो.

आता पंखा. त्याला तीन तारा: लाल पाच व्होल्टला, काळी भूतारेला आणि निळी आठव्या पिनेला. निळीवरून ‘फिर’ किंवा ‘थांब’ अशी आज्ञा जाते. पण त्याच पिनेचा आणखी एक अर्थ आहे. पडदा नसताना यंत्राशी बोलण्यासाठी जो सिरियल कन्सोल असतो, त्याचे बोलणे तिथूनच बाहेर पडते. कोणीतरी सोयीसाठी तो सुरू ठेवला होता. बोलणे थांबलेले असताना ती ओळ उच्च दाबावर असते, आणि पंखा त्याचा अर्थ ‘फिर’ असा घेतो. अलंकारशास्त्रात याला श्लेष म्हणावे लागेल. फरक इतकाच की इथे दोन्ही अर्थ एकदम नांदत नाहीत. कन्सोल बंद केला, पंख्याची मर्यादा ६० अंशांवर ठेवली, यंत्र पुन्हा सुरू केले. पंखा थांबला. त्याच खोलीत केलेल्या मुद्रणांत गाण्यामागे सतत ऐकू येणारी गुणगुण कशाची होती, तेही तेव्हा कळले.

कावळा फांदीवर बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडते. मधला कार्यकारणभाव आपण पुरवतो. वर्गात कवितेचा अर्थ लावताना हेच होते. कवीच्या आयुष्यातले दुःख आणि कवितेतला अंधार शेजारी दिसले की आपण त्यांना चटकन एका सूत्रात ओवतो, आणि स्पष्टीकरण जितके गोळीबंद तितके ते खरे वाटते. संहितेला मात्र ५२ अंश विचारायचे राहून जाते. दोन लक्षणे एकत्र दिसली म्हणून त्यांचे मूळ एक ठरत नाही. प्रत्येकाची तपासणी वेगळी करावी लागते, आणि त्याआधी मूळ प्रत सुरक्षित करावी लागते.

शाळेला योग्य वीजजोड मिळाला आहे. ध्वनिफितींच्या आता तीन प्रती आहेत, तीन वेगळ्या गावांत. त्या आजींच्या गाण्यांतली गुणगुण पुसून काढता येईल, असे एका जाणकाराने सुचवले. पण ती पुसताना आवाजाची किनारही थोडी झिजते. आम्ही मूळ फिती तशाच ठेवल्या आहेत.