पांढरी वायर

आमचे हे एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते. सगळी नोकरी गाड्यांच्या दिव्यांत गेली. 2019 साली आम्ही मुलाकडे अमेरिकेत, ओहायो राज्यात गेलो, तेव्हा पहिल्यांदाच यांच्या हातांना काही काम उरलं नाही. घरातलं काही उघडायला गेले की मुलगा म्हणायचा, "बाबा, राहू द्या. इथे माणूस बोलावतात." म्हणायचा प्रेमानेच, पण हे मग गप्प खिडकीशी जाऊन बसत.

मुलाने एक जुनं मोटारहोम घेतलं होतं. मोटारहोम म्हणजे बसएवढं चाकांवरचं घर! ओटा, फ्रिज, पलंग, संडास, सगळं आत. पण मुक्कामी पोचल्यावर एवढं धूड घेऊन दूध आणायला कुठे जाणार? म्हणून लोक त्याच्या मागे लोखंडी दांड्याने आपली छोटी मोटार जोडतात आणि ओढत नेतात. तिच्यात कोणी बसलेलं नसतं. पण मोटारहोमचा ब्रेक दाबला की तिचे मागचे दिवे लागलेच पाहिजेत. मागून येणाऱ्याला दिसतात ते तेच. आमच्या गाडीला एका गॅरेजने मागच्या दिव्यांत जादा बल्ब बसवून वेगळ्या वायरी टाकून दिल्या होत्या.

जूनमध्ये आम्ही सगळे स्मोकी माउंटन्स बघायला टेनेसीकडे निघालो. अंधार पडता पडता केंटकीतल्या एका विश्रांतीच्या थांब्यावर थांबलो, तर मागोमाग एक ट्रकवाला येऊन मुलाशी तावातावाने बोलायला लागला. "तू ब्रेक दाबलास की तुझ्या मोटारीचे असलेले दिवेसुद्धा विझतात. मी थोडक्यात वाचलो," असं तो सांगत होता. सूनबाईने आत झोपलेल्या नातीकडे बघितलं आणि तिचा चेहराच उतरला.

मुलाने बल्ब बदलले, फ्यूज बदलले. बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर लावला. "बारा व्होल्ट तर बरोबर येतायत!" बल्ब पुन्हा बसवला की परत तेच. घरी अंगणात तर सगळं चाललं होतं म्हणे.

हे इतका वेळ हात मागे बांधून उभे होते. मग म्हणाले, "मीटर काय, रिकाम्या भांड्यालाही भरलेलं म्हणेल. भार पडल्यावर काय होतं ते बघ. मला एक लांब वायर दे."

मला त्यांनी मागे उभं केलं. (संसारभर मी हेच केलंय : "लागला का?" "लागला!") दिवसाचे दिवे बंद ठेवून ब्रेक दाबला, तर बल्ब मिणमिणले. डावा इंडिकेटर दिला, तर दोन्हीकडे मंद उघडझाप. हेडलाइट लावून ब्रेक दाबला आणि पार काळोख.

"अर्थिंग," हे म्हणाले.

ते त्यांनी मुलाला कसं समजावलं, ते मला अजून पाठ आहे. करंट येतो कुठून हे सगळे बघतात, परत जातो कुठून हे कोणी बघत नाही. तिथे तपकिरी वायर मागच्या लाल दिव्यांची, पिवळी डाव्या ब्रेकची नि इंडिकेटरची, हिरवी उजव्याची आणि पांढरी परतीची. एका बल्बमध्ये दोन तारा, मंद आणि प्रखर; परतीची वाट मात्र दोघींची एकच. ती वाट बंद झाली की करंट दुसऱ्या तारेतून उलटा घुसून मोटारहोमच्या दिव्यांमार्गे बाहेर पडतो, म्हणून मिणमिण. हेडलाइट आणि ब्रेक दोन्ही लागले की दोन्हीकडून करंट ढकलला जातो, जायला वाट कुठेच नाही, म्हणून काळोख.

यांनी लांब वायरीचं एक टोक होल्डरच्या अर्थला लावलं, दुसरं मोटारहोमच्या चेसिसला. मी ओरडले, "लागले! लखलखीत!" शेजारच्या गाडीतलं कुत्रं भुंकायला लागलं.

मग शोधत गेले, तर मोटारीच्या पुढच्या बाजूला, प्लगजवळ, पांढरी वायर एका स्क्रूने नुसती पत्र्याला पिळलेली. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ वितळवायला मीठ टाकतात. त्या मिठाने स्क्रूखाली गंजाचा थर धरला होता. मीटरपुरता करंट त्यातून जात होता, बल्बपुरता नाही. आणि अंगणात चाललं ते ओढायच्या दांड्याच्या कृपेने. लोखंडाला लोखंड टेकलेलं असेपर्यंत करंट तिथून परतायचा, रस्त्यावर हिसके बसले की वाट तुटायची.

पॉलिश पेपर नव्हता, तेव्हा सूनबाईची नखं घासायची कानस कामी आली. पत्रा पांढराशुभ्र होईपर्यंत घासून स्क्रू आवळला, वर ग्रीस. मग दहा वेळा ब्रेक दाबून बघितला, तेव्हा कुठे आम्ही निघालो.

पण पत्र्याच्या भरवशावर राहायला हे तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी मुक्कामी पोचल्यावर दुकानातून पांढऱ्या वायरीचं भेंडोळं आणायला लावलं, प्लगपासून थेट बल्बपर्यंत टाकायला. मुलगा मोटारीखाली उताणा पडून वायर सरकवत होता आणि हे गुडघ्यावर बसून ओरडत होते, "अरे, सायलेन्सरपासून लांब! वितळेल ना!"

"हो बाबा. इथे बांधू का?"

"थांब, मी येतो खाली." आणि सत्तरीचा माणूस चष्मा माझ्या हातात देऊन मोटारीखाली शिरला.