बसणाऱ्यांची रांग

हिवाळ्यात आमची शाळा आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. नदीकाठच्या उसावरून धुकं उठत असे, साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास त्यात कालवलेला असे, आणि त्या पांढऱ्या पडद्यापलीकडून छन्न, छन्न असा आवाज येत राही. त्याच्या पाठोपाठ हलगीची कडकड, मग पीटीच्या सरांची शिट्टी, आणि मग पुन्हा शेकडो लोखंडी चकत्यांनी मिळून घेतलेला एकच श्वास. सव्वीस जानेवारी जवळ आली की सकाळ अशी वाजत यायची.

लेझीम.

दांडा लाकडाचा, साखळी लोखंडाची. पहाटे ती साखळी मुठीत धरली की गारठ्याचा चटका थेट कोपरापर्यंत जाई. चार आवाज, एक जागा, आदि लगाव, पवित्रा, दो रुख. ही अर्धी हिंदी नावं कुठून आली हे आम्ही कधी विचारलं नाही. पाढ्यांसारखी ती अंगात मुरली होती. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनात आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या चारशेहून जास्त माणसांनी लेझीम धरली होती. सर ही गोष्ट दर हिवाळ्यात सांगत, आणि अशा थाटात सांगत की त्या चारशेंच्या मागची रांग आमचीच असणार, फक्त तारीख ठरायची बाकी आहे.

वर्गात ज्याचं उत्तर बरोबर येई तो उठून दिसे. मैदानावर उलटं होतं. ज्याचा हात क्षणभर मागे राही त्याचीच लेझीम सगळ्यांना ऐकू जाई, आणि ज्याचा ठेका बरोबर पडे तो त्या आवाजात विरघळून जाई, कुणाचाच उरत नसे. वाकलं, उठलं, डावा पाय पुढे, दांडा कपाळापाशी, आणि अचानक कधीतरी असं होई की हात आपला आहे की शेजारणीचा हे कळेनासं होई, सरपंचांची मुलगी आणि गवंड्याचा मुलगा एकाच झटक्यात खाली वाकत आणि धुळीतून एकाच झटक्यात वर येत, आणि छातीत काहीतरी इतकं भरून येई की हसावं की रडावं ते समजत नसे. शाळेच्या कमानीवरचं सुवचन मला आज आठवत नाही. तो झटका आठवतो.

दुपारी खो-खो. निंबाच्या सावलीतून फक्कीचा डबा घेऊन कुणीतरी मैदान आखायला निघे, आणि काळ्या मातीवर ती पांढरी रेघ उमटताना पाहायला आम्ही उगाचच घोळका करत असू. पुण्यात, डेक्कन जिमखान्यात, १९१४ च्या सुमारास या खेळाचे नियम बांधले गेले म्हणतात. आम्हाला ते नियम गुडघ्यांनी शिकवले. मधल्या पाटीवर आठ जणी बसायच्या, एकीचं तोंड उगवतीला तर तिच्या शेजारणीचं मावळतीला. त्यामुळे प्रत्येकीला खेळ अर्धाच दिसे. उरलेला अर्धा पाठीला कळे: मागून येणारी धाप, पायांची धपधप, मुलींचा वाढत जाणारा कल्ला, आणि मग एकदम पाठीवर पडलेली थाप आणि कानाशी ओरडलेला तो एक शब्द. कोण आलं, का आलं, हे बघायला सवड नसे. उठायचं आणि सुटायचं. एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही, मधली रेघ ओलांडता येत नाही. जिनं थाप दिली ती आपल्या रिकाम्या चौकोनात बसून जाई, जणू इतका वेळ ती पळत नव्हतीच.

पळणारीचं सगळ्यांना कौतुक. मला मात्र बसणाऱ्यांची ती ताणलेली पाठ फार देखणी वाटत आली आहे.

दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येत. कारखान्याच्या माळावर कोप्या उभ्या राहत, बैलांच्या घुंगरांनी रात्री जाग येई. त्यातली एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन कुंपणाशी उभी राहायची. तासन्‌तास. एका दुपारी आमची एक गडी तापाने आली नव्हती आणि सरांनी कुंपणाकडे बघून नुसती मान हलवली. तिनं भावाला आमच्या दप्तरांच्या ढिगावर बसवलं, ओढणी कमरेला खोचली आणि पाटीवर येऊन बसली. नियम कुणी सांगितले नाहीत. कुंपणापलीकडून ते तिनं कधीच पाठ केले होते. पळायची पाळी आली तेव्हा बसलेल्यांमधून आत-बाहेर अशी साखळी खेळली की आमच्याच मुली बघत राहिल्या. हजेरीपटात तिचं नाव नव्हतं. वर्गावर्गांच्या सामन्यांत मात्र आम्ही घसा फोडून ओरडत होतो, "आमच्या आठवी ब ची आहे ती!" आणि तिच्या भावाला आलटून पालटून कडेवर घेत होतो. त्याचं नाक पुसायलासुद्धा चढाओढ होती.

स्नेहसंमेलनात मात्र ती आली नाही. त्या दिवशी टोळीला मोळ्या भरायच्या होत्या.

हल्ली शाळांमधून नाच बसवायला बाहेरून माणूस बोलावतात, प्रत्येक मुलाला पदक मिळतं, आणि पालक फोन उंच धरून फक्त आपलंच पोर टिपतात. त्यात वाईट काही नाही. पोरं गोड दिसतात. पण त्या चौकटीत शेजारचं पोर अर्धं कापलं जातं, आणि माझी नजर तेच शोधत राहते. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुलींनी आणि मुलांनीही नेपाळला हरवून तो जिंकला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्रातले. टीव्हीवर लखलखीत दिवे होते, पायांखाली मॅट होती, मातीचा कणही उडत नव्हता. कॅमेरा पळणाऱ्यांच्या मागे धावत होता आणि मी आपली बसलेल्यांच्या पाठी बघत होते. त्या तशाच होत्या.

गळीत हंगाम संपला की टोळ्या निघत. मार्चमधल्या एका सकाळी माळ मोकळा दिसला. चुलींची काळी वर्तुळं आणि उसाची चिपाडं. मधल्या सुट्टीत आम्ही मैदानावर गेलो तर पाटीवर सात जणी बसल्या होत्या आणि तिच्या चौकोनात कुणी बसायला तयार नव्हतं. एकमेकींकडे बघत होतो. तेवढ्यात सरांनी सातवीतल्या एका बारक्या मुलीला दंडाला धरून आणलं आणि तिथं बसवलं. ती भेदरून सगळ्यांसारखंच दिसावं म्हणून शेजारणीकडे बघत तिच्याच बाजूला तोंड करून बसली, आणि सर मैदानाच्या टोकावरून गरजले, "अगं बाळे, तिकडं न्हवं! उलटं बस की, उलटं! आणि टाचा उचल!"